दमाच्या वळणावरचं बाकडं

"शालन, गोणपाट वाळलंय बघ. पाणी मार," मामांनी शेडमधून हाक दिली आणि मी कळशी उचलून मागच्या आवारात गेले.

बाकडं ओतून सहा दिवस झाले होते. ओतलेल्या फळीवर गोणपाट अंथरून दिवसातून चारदा पाणी मारायचं, एकवीस दिवस, हा आमच्या कारखान्याचा नेम. मी गोणपाट बाजूला सारलं, कळशी कलती केली आणि पाणी कडेनं ओघळून जाण्याऐवजी एका जागी आत जिरताना दिसलं. वाकून बघितलं तर चीर होती. केसाएवढी बारीक, पुढच्या कडेपासून चार बोटं आत, कडेच्या बरोबरीनं हातभर गेलेली.

ती चीर तिथंच का पडली हे मला माहीत होतं. त्या फळीच्या आत, बरोबर त्या रेषेखाली, एका मेलेल्या माणसाची काठी होती. आणि ती मीच घातली होती.

लग्न होऊन मला तेव्हा वर्ष झालं होतं. नवरा इचलकरंजीला मागावर, महिन्यातून एकदा यायचा. घरात मी आणि सासरे. सासूबाईंना मी पाहिलंच नाही, माझ्या लग्नाआधी सहा वर्षं त्या गेल्या. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. आजऱ्याच्या रस्त्याला त्यांचा सिमेंटचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि मागं आवार. गव्हाणी, कुंड्या, संडासाची भांडी असलं काय काय व्हायचं, पण खरा धंदा बाकड्यांचा. आमच्या भागात माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याच्या नावाचं बाकडं कुठंतरी उभं राहतं. स्टँडवर, शाळेत, दवाखान्यापुढं, देवळापुढं. पाठीवर लाल अक्षरात 'कै.' अमुक यांच्या स्मरणार्थ. नवरा म्हणायचा, आपल्या तालुक्यात बसणाऱ्यांपेक्षा बसायच्या जागा जास्त झाल्या.

मामांचं नाव ईश्वरा सुतार. बापजाद्यांचा धंदा लाकडाचा, पण सिमेंटात लाकडाचं तूस जरी पडलं तरी ते अख्खं घमेलं उपडं करायचे. शेडमध्ये लाकडाची वस्तू एकच, त्यांनी स्वतः घडवलेली सागवानी थापी. ओतलेली फळी ते तिनं सारखी करायचे. मी कामाला हात लावला त्या पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "काय बी चुकलं तर चालंल, सिमेंटात लाकूड जाता कामा न्हाई." का ते मी विचारलं नाही. गावातले लोक चेष्टा करायचे, सुताराचं आणि लाकडाचं काय बिनसलंय देव जाणे.

तर ते बाकडं सांगितलं होतं चौगल्यांच्या सत्यव्वा आक्कांनी. त्यांचे यजमान गुंडूतात्या म्हणजे भैरोबाच्या डोंगरावर रोज दिवा लावायला जाणारा माणूस. चाळीस वर्षं एक दिवस चुकला नाही. चढ अर्धा झाला की एक वळण येतं, त्याला आम्ही दमाचं वळण म्हणतो. तिथं एका धोंड्यावर तात्या टेकायचे, काठी गुडघ्यांत उभी धरून गाव बघायचे आणि पुढं चढायचे. ते गेल्यावर आक्कांनी ठरवलं, त्या धोंड्याच्या जागी बाकडं द्यायचं. वर्षश्राद्धाला उघडं करायचं.

ओतायच्या दिवशी मामांना गडहिंग्लजला जावं लागलं. साच्यात त्यांनी तीन सळया बांधून ठेवल्या होत्या. जाताना म्हणाले, "आज तू ओत. तुझा हात बसलाय आता." मला मूठभर मांस चढलं. आजवर मी फक्त पाणी मारलं होतं, वाळू चाळली होती.

मामांची एसटी गेली आणि थोड्या वेळानं सत्यव्वा आक्का आल्या. काखेत घोंगड्याचं लांब गाठोडं. इकडं तिकडं बघून त्यांनी ते सोडलं. आत तात्यांची काठी होती, चिव्याच्या बांबूची, भरीव. मुठीजवळ हात लागून लागून काळी आणि गुळगुळीत झालेली.

"ही घाल त्यात," आक्का म्हणाल्या.

"कशात?"

"बाकड्यात गं. दहाव्याला त्येंचं समदं नदीला सोडलं. अंथरूण, धोतरं, वहाणा. ही तेवढी मी कणगीमागं सारली हुती. वरीस हुत आलं, कुणाला पत्ता न्हाई. आता पोराला, आनंदाला, कुणीतरी सांगितलंय, मेलेल्याची काठी ऱ्हायली तर घराला खाती. सून गरवार हाय. नवराबायको दोघं घर धुंडाळाय लागल्यात."

"मग सोडा की नदीला, आक्का."

"सोडली की ऱ्हायलं काय माझ्याजवळ?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यात घातली की कुणाच्या नदरंला पडायची न्हाई. आन मी वर जाऊन बसली की त्येंच्या हाताला हात लावून बसल्यागत हुईल."

"मामा लाकूड घालू देत नाहीत."

"त्येस्नी कशाला सांगतीस? शपथ घे भैरोबाची, कुणाला सांगणार न्हाईस म्हणून."

मी एकवीस वर्षांची होते. समोर आईच्या वयाची बाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या कारखान्याची मालकीण मी होते, कुणाला तरी हो म्हणायची हौस होती. घेतली शपथ. साचा उथळ. सळया आणि काठी एकत्र मावेनात, म्हणून पुढच्या दोन सळया मी सोडवून काढल्या. मागची एक ठेवली. काठी पुढं निजवली, वर माल ओतला आणि थापीनं अशी सारखी केली, की संध्याकाळी मामांनी बघितली आणि म्हणाले, "आरशागत केलीस की." काढलेल्या दोन सळया कुठं लपवाव्यात कळेना, म्हणून परसात घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून रोवल्या.

त्या आरशाला आता चीर गेली होती.

सिमेंट कालवून मी ती बोटानं भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. पुन्हा भरली, पुन्हा उघडली. दहाव्या दिवशी तिनं मधोमध आडवं वळण घेतलं आणि फळीच्या पुढच्या कडेपर्यंत आली. दिवसातून चारदा मी पाणी मारत होते आणि प्रत्येक पाण्यासरशी चीर वाढत होती. पाणी मारलं नाही तर मामा विचारणार. मारलं तर चीर वाढणार. इकडे आड आणि तिकडे विहीर झालं होतं. भाकरी करपायला लागल्या, आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मामा मुकाट्यानं पाणी ओतून खायचे.

शेवटी आक्कांच्या घरी गेले. आनंदा सोप्यात बसला होता, म्हणून त्यांना परड्यात बोलावून घेतलं.

"आक्का, बाकड्याला चीर पडलीया."

"पडू दे की. माझ्या टाचंला बघ किती चिरा हायत. चालतीयाच न्हवं मी?"

"तसं नाही. बसल्यावर मोडलं तर? वळणावर खाली उतार आहे."

आक्कांनी सोप्याकडं बघून घेतलं. म्हणाल्या, "आता ते फोडलं तर काठी भाईर ईल. आनंदाला कळलं की जाळंल तो ती. तू शपथ घेतलीयास, शालन." आणि माझा हात त्यांनी असा घट्ट धरला, की मला पुढं बोलवेना.

घरी येऊन मी अख्ख्या फळीला सिमेंटचा हात दिला. चीर झाकली. मामांना सांगितलं, रंग एकसारखा दिसावा म्हणून दिला.

एकविसाव्या दिवशी मामांनी फळी नेहमीसारखी वाजवून बघितली. हातोडीच्या दांड्यानं एका टोकाला, दुसऱ्या टोकाला, मग मध्ये. मी शेडच्या खांबाला धरून उभी होते.

"मध्ये आवाज बद्द येतोय," ते म्हणाले.

"ओल असंल अजून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. क्षणभर वाटलं, आता विचारतील आणि मी सगळं सांगून मोकळी होईन. पण ते म्हणाले, "असंल. पाणी तू मारलंयस, तुला ठावं." त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याचंच मला ओझं झालं होतं.

शनिवारी चार गड्यांनी बाकडं डोंगरावर नेलं. दोन पाय, पाठ आणि बैठकीची फळी, वेगवेगळं. दमाच्या वळणावर नेऊन मामांनी जोडलं, सांधे भरले. बाकड्याचं तोंड गावाकडं, म्हणजे उताराकडं होतं. पुढं चार पावलं जमीन, मग दोन पुरुष खोल घसरण, करवंदीच्या जाळ्या आणि काळे धोंडे. एक गडी घाम पुसत टेकायला लागला तशी मी ओरडलेच, "बसू नका! सांधे ओले आहेत." मामा म्हणाले, "सोमवारपतोर कुणी बसायचं न्हाईच. रीत हाय."

रीत होतीच. आमच्याकडे बाकडं आधी मोकळं करावं लागतं. मेलेल्याच्या वयाची चार माणसं कडेला बसतात, मध्ये त्याच्या घरचं माणूस. गूळखोबरं वाटतात, मग ते बाकडं गावाचं. म्हणजे आक्का मध्ये बसणार. बरोबर आडव्या चिरेवर.

रविवारी भर दुपारी मी एकटी वर गेले. फळीखाली दगड रचून टेकू द्यायचा बेत होता. वळणावर पोचले तर बाकड्यावर शेळी उभी, अगदी मध्ये, रवंथ करत. तिला हाकललं. तिचे खूर होते तिथं मी दिलेला सिमेंटचा पापुद्रा उडाला होता आणि चीर पुन्हा दिसत होती. आता तिच्यात नख जात होतं. दगड आणून रचायला लागले, पण जमीन उतरती. चार दगड उभे केले की खालचा सरकायचा आणि गडगडत करवंदीत जायचा. तास दीड तास धडपडले. मग तिथंच खाली बसून भैरोबाला म्हटलं, तुझी शपथ आहे, तूच सोडव. देव वर होता, पण काही बोलला नाही.

सोमवारी श्राद्ध उरकून तीस-चाळीस माणसं डोंगर चढली. सत्यव्वा आक्का दर दहा पायऱ्यांवर थांबत होत्या, गुडघा धरत होत्या. आनंदानं हात पुढं केला की झिडकारत होत्या. त्यांच्या सुनेला, रंजनाला, सातवा महिना होता. ती माझ्या पुढं चालत होती, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. मामांनी धुवट सदरा घातला होता. आपण केलेलं बाकडं उघडं होणार असलं की ते नेहमी धुवट सदरा घालायचे.

गुरवानं पाठीला हार घातला. नारळ फुटला. तात्यांच्या वयाचे चार म्हातारे पुढं आले आणि दोघं एका कडेला, दोघं दुसऱ्या कडेला बसले. कडेला पाय होते, फळी हलली नाही. मध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली.

"बस गं सत्यव्वा," म्हाताऱ्यांतला एक म्हणाला.

आक्का बाकड्यापाशी गेल्या. हात लावला, फळीच्या पुढच्या कडेला, बरोबर काठी होती तिथं. डोळे भरून आले त्यांचे. मग त्या मागं वळल्या आणि रंजनाचा हात धरून म्हणाल्या, "ये पोरी, आधी तू बस. माझ्या नातवाला आज्जाच्या मांडीवर बसू दे."

बायका 'व्हय व्हय' म्हणाल्या. कुणीतरी रंजनाला पुढं सारलं. ती लाजत वळली आणि पदर सावरून बसायला वाकली.

"बसू नकोस!"

ते मी ओरडले हे मलाच नंतर कळलं. मी गर्दी सारून पुढं गेले होते आणि रंजनाचा दंड धरून तिला मागं ओढलं होतं. कडेचे म्हातारे घाबरून उठले. सगळे माझ्याकडं बघत होते. आक्काही. त्यांच्या डोळ्यांत नुसती भीती होती.

"बाकडं मोडंल," मी म्हटलं. "आत सळया नाहीत. तीन घालायच्या, मी एकच घातली. माझ्या हातनं झालंय. मामांना माहीत नाही."

काठीचं नाव मी काढलं नाही.

आनंदा पुढं आला. "म्हंजे? माझी बायको हितनं खाली गेली असती तर? ईश्वरामामा, तीस वर्सं धंदा करताय तुमी. सुनेच्या हातात दिऊन बसलाय व्हय?"

मामा बाकड्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि फळीखालून हात फिरवायला लागले. चीर सापडली. तिच्यावरून बोट नेत नेत ते टोकापर्यंत गेले, तिथं सिमेंटला थोडा फुगवटा आला होता. तिथं बोट थांबलं. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडं बघितलं, मग सत्यव्वा आक्कांकडं. आक्कांनी पदर तोंडाला लावला.

मामा उठले. "सळया मी बांधल्या हुत्या," ते म्हणाले. "चूक माझी हाय. पोरीचं नाव कुणी घ्यायचं न्हाई."

"मग फोडा हितंच," आनंदा म्हणाला. "ढकला खाली. हे अवलक्षण आमच्या दारात नगो." आणि त्यानं नारळ फोडायला आणलेला धोंडा उचलला.

आक्कांच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. मला वाटलं, संपलं आता. पण मामा धोंड्याच्या आणि बाकड्याच्या मध्ये उभे राहिले. सहा फुटांचा माणूस, धुवट सदऱ्यात, खांदे पाडून.

"आनंदा, ज्या देवाला तुझ्या बानं चाळीस वर्सं दिवा लावला त्या देवाच्या वाटंवर तुझ्या बाचं नाव हाय. त्याच्यावर धोंडा घालतोस? मी न्हेतो खाली. एकवीस दिवसांनी दुसरं आणून बसीवतो, आन आधी मी बसतो. मग तुमी बसा."

आनंदानं धोंडा खाली टाकला. माणसं कुजबुजत उतरायला लागली. ईश्वरा सुताराचं बाकडं परत न्यावं लागलं, ही बातमी त्या सगळ्यांच्या आधी गावात पोचली.

फळी आवारात आणून गड्यांनी दोन ठोकळ्यांवर ठेवली आणि ते निघून गेले. सत्यव्वा आक्का त्यांच्या मागोमाग आल्या होत्या. कुणी 'या' म्हटलं नव्हतं, तरी.

मामा म्हणाले, "शालन, दोन पोती सिमेंट आण."

आम्ही दोघांनी एक पोतं उचलून फळीच्या मधोमध ठेवलं. काही झालं नाही. दुसरं त्यावर टेकवतो न टेकवतो तोच कडकन आवाज झाला, फळी खचली आणि पोती माझ्या पायाशी आली. दोन पोती म्हणजे एक पोटुशी बाई आणि तिला धरून बसलेली सासू. मी मटकन खाली बसले.

फळी मोडली होती, पण तुकडे वेगळे झाले नव्हते. पुढच्या बाजूनं ते काठीला धरून लोंबत होते.

"धरलं बघ म्हाताऱ्यानं," आक्का रडत म्हणाल्या. "धरून ऱ्हायलाय बघ."

"धरलं न्हाई, आक्का," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्येनंच मोडलं. लाकूड पाणी पितं, फुगतं. सिमेंटला फुगता येत न्हाई. घेवड्याच्या वेलाला सळी बघितली तवाच मला कळायला पायजे हुतं. पण म्हटलं, पोरीची हौस असंल."

मी रडत होते. म्हटलं, "मामा, मला बोला. शिव्या द्या."

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "उठ. हिकडं ये."

आवाराच्या टोकाला नळाखाली एक मोडकं अर्धं बाकडं पडलेलं होतं. वर्षभर मी त्याच्यावर बसून भांडी घासत होते. त्याच्या मोडक्या बाजूला एक गोल भोक होतं, आरपार नाही, वीतभर आत गेलेलं. मला वाटायचं, पाइप बसवायला केलं असेल. त्यात गांधीलमाशा घर करायच्या, मी राख कोंबून बंद करायची.

"बोट घाल त्यात," मामा म्हणाले.

मी घातलं. आत गुळगुळीत होतं. मध्ये जरा फुगीर, टोकाला निमुळतं.

"काय असंल?"

मी मान हलवली. पण बोटाला कळलं होतं. रोज दोनदा तसलंच एक माझ्या हातात असायचं.

"लाटणं," मामा म्हणाले. "लग्नात मीच करून दिलं हुतं तिला, शिसवीचं. ती गेली तवा माझ्या मनानं घेतलं, तिच्या बाकड्यात तिचं लाटणं घालायचं. देवळापुढं बसीवलं. पयल्या पावसाळ्यातच दोन तुकडं झालं. एक म्हातारी पडली, तिचा खुबा मोडला. मी ते उचलून आणलं आन हितं टाकलं. फोडायचा धीर झाला न्हाई. आत लाटणं कुजून गेलं, भोक तेवढं ऱ्हायलं."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "घरात ठेवलं असतं, तर आज तुझ्या हातात असतं."

मागं आक्का उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

दुसरं बाकडं आम्ही दुसऱ्याच दिवशी ओतलं. तीन सळया मामांनी मला बांधायला लावल्या आणि ओढून ओढून बघितल्या. माल ओतला, थापी फिरवली. आक्का मोडक्या फळीतून काढून धुतलेली काठी घेऊन बसल्या होत्या. मामा म्हणाले, "आता दाबा. जोर नगो, नुसती टेकवा." आक्कांनी फळीच्या पुढच्या कडेला ओल्या सिमेंटवर काठी निजवली, दोन्ही हातांनी जरा दाबली आणि मामांनी सांगितल्यावर उचलली. मागं पन्हळ राहिली. तिच्यात चिव्याची पेरं उमटली होती, आणि एका टोकाला मूठ झिजलेली होती ती जागासुद्धा.

काठी आक्कांनी पुसली आणि घोंगड्यात गुंडाळायला घेतली. मग थांबल्या. घोंगडं माझ्याकडं टाकलं, काठी जमिनीवर टेकवली आणि तशाच, भर रस्त्यानं, टेकत टेकत घरी गेल्या.

एकवीस दिवसांनी आम्ही पुन्हा डोंगर चढलो. या खेपेला माणसं थोडी होती. आक्का सगळ्यांच्या पुढं होत्या, काठीचा ठक ठक आवाज करत. वळणापर्यंत एकदाही थांबल्या नाहीत. आनंदा मागून चिडक्या आवाजात म्हणाला, "आई, ती घराला खाईल म्हणून सांगितलंय न्हवं?"

"खात न्हाई," आक्का म्हणाल्या. "मला वर न्हेती. तुझा हात धरून यायला पायजे हुतं व्हय मी?"

म्हणाल्याप्रमाणे आधी मामा बसले, फळीच्या मधोमध, धुवट सदऱ्यात, आणि दोनदा उठून पुन्हा आपटून बसले. लोक हसले. मग आक्का, मग रंजना. रंजनाच्या हाताला ती पन्हळ लागली, तिनं विचारलं, "हे काय?" आक्कांनी सांगितलं. तिनं हात तिथून काढला नाही.

मामा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यांचं बाकडं स्टँडवर आहे. ते मी एकटीनं ओतलं. नवरा शेजारी उभा होता, त्याच्या हातात ती सागवानी थापी होती. डोळे पुसत म्हणाला, "ही घालूया का गं त्यात? त्यांच्या हातची आहे."

"आण इकडं," मी म्हटलं.

आणि त्या थापीनंच मी फळी सारखी करायला घेतली.